दुसऱ्या आवाजाच्या मुली

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि लग्नात फिरून फिरून आलेला असावा असा एक भिंतीवरच्या घड्याळाचा डबा. हेडसर बोलायला उभे राहिले. एकोणतीस वर्षं मी या शाळेत गाणं शिकवलं, आणि त्यांना माझ्याबद्दल सांगण्यासारखी एकच गोष्ट सापडली. "बाईंच्या पोरी कवाबी ऐका, समद्या एका आवाजात!" टाळ्या पडल्या. मीही हसले. हसायची सवय असते आम्हाला.

संगीतशिक्षिका म्हणजे काय, ते ज्यांनी अहमदपूरसारख्या गावात ही नोकरी केली नाही त्यांना कळायचं नाही. "बाई, तुम्हाला आता तास नाही ना?" हा प्रश्न मला रोज विचारला जायचा, आणि विचारणारा माझ्याच तासाच्या दारात उभा राहून विचारायचा. माझा तास म्हणजे गणिताच्या सरांचा उरलेला धडा. माझा तास म्हणजे विज्ञानाची राहिलेली चाचणी. इथं प्रत्येक बापाच्या डोळ्यापुढं लातूरचे क्लास आणि क्लासच्या पलीकडं डॉक्टरकीची पाटी. गाण्यानं कुणाचा नंबर लागत नाही, हे मला शिपायानंसुद्धा समजावून सांगितलंय.

पण पाहुणा येणार म्हटलं की मग बघा. सकाळपासून बाई कुठंय, बाई कुठंय. कारण पाहुणा आला की स्वागतगीत पाहिजे, आणि स्वागतगीत फक्त मला येतं. पहिल्याच वर्षी मी एक साचा करून ठेवला होता. आज आमुच्या अंगणी अमुकजी आले, असं काहीतरी. अमुकच्या जागी त्या दिवशीचं नाव घालायचं. तीन अक्षरी नाव चालीत नीट बसतं. चार अक्षरी ओढूनताणून बसवता येतं. पाच अक्षरी पाहुणा निघाला की मी त्याचं बारसं करणाऱ्या आत्याला मनातल्या मनात शिव्या घालायची. या एका गाण्यानं मी बँकेचे मॅनेजर, कृषी अधिकारी, कुणाचे जावई आणि कुणाचे व्याही असे कितीतरी लोक आमच्या अंगणात आणले. एकदा ऐन वेळी पाहुणा बदलला आणि ते मला कुणी सांगितलंच नाही. मुलींनी जोरजोरात दुसऱ्याच माणसाचं स्वागत केलं. समोर बसलेल्याला काही कळलं नाही, तो फोनवर होता.

माझे वडील जळकोटला भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांच्याकडून मी शिकले, पुढं परीक्षा दिल्या, नोकरी लागली. समूहगान कसं शिकवायचं हे कुठल्याच परीक्षेत नव्हतं. मला जे माहीत होतं ते एवढंच: चाळीस मुली उभ्या करायच्या, आपण पेटीवर बसायचं, मुंडी हलवून ताल दाखवायचा, आणि सगळ्यांनी मिळून एकच सूर शक्य तितक्या जोरात लावायचा. ज्यांचा तो सूर लागत नाही त्यांना मागच्या रांगेत उभं करायचं आणि सांगायचं, "तू आवाज काढू नको, नुसते ओठ हलव." हे मी एकटी करायची असं नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत असा एक संगीतशिक्षक दाखवा ज्यानं हे केलं नाही. बक्षिसं अशीच मिळतात.

त्या मागच्या रांगेत एक मुलगी होती. आठवीतली, जवळच्या खेड्यातून एसटीनं यायची. घरची शेती, बाप शिकलेला नाही, पण पोरीच्या शाळेचा एक दिवस बुडू द्यायचा नाही. तिचा आवाज जाड होता, खाली बसलेला. बाकीच्या मुली जिथं चढायच्या तिथं ती चढायचीच नाही, खालीच कुठंतरी फिरत राहायची. मी तिला दोन स्पर्धांत ओठ हलवायला लावले. तिनं इमानेइतबारे हलवले.

त्याच वर्षी संस्थेनं मला पुण्याला शिबिराला पाठवलं. माझी गुणवत्ता पाहून पाठवलं असं समजू नका. शिबिर दिवाळीच्या सुट्टीत होतं आणि दुसरं कुणी जायला तयार नव्हतं.

शिकवायला एक परदेशी बाई होत्या. सत्तरी उलटलेली, उंच, वाळक्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. एस्टोनिया नावाच्या देशातून आल्या होत्या. हा देश कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. पुण्याच्या बायकांनाही माहीत नव्हतं, पण त्या समजल्यासारख्या माना डोलवत होत्या. बाईंनी आयुष्यभर एकच काम केलं होतं: लोकांना एकत्र उभं करून गायला शिकवणं. शाळेत, कारखान्यात, खेड्यातल्या गोदामात. त्यांच्या देशात म्हणे माणसं हजारोंनी जमून गातात. मी मनात म्हटलं, हजारो माणसं आमच्याकडंही जमतात, फक्त ती जेवायला जमतात.

त्यांनी पहिल्याच दिवशी माझी पेटी बंद केली. अक्षरशः झाकण लावलं. म्हणाल्या, हात कामात अडकले तर गाणाऱ्यांना काय द्याल? मग त्यांनी आम्हाला मुलांकडं तोंड करून उभं राहायला शिकवलं. उजवा हात तालाला. डावा हात आवाजाला. तळवा वर उचलला की आवाज वाढवायचा, खाली आणला की कमी, आणि मूठ मिटली की त्या क्षणी गप्प. मूठ मिटल्यावर एकाचाही सूर मागं रेंगाळला तर शिकवणाऱ्याची चूक, गाणाऱ्याची नाही, असं त्या म्हणायच्या.

आणि त्यांनी दोन आवाज शिकवले. एक गट वरून गातो, दुसरा त्याच वेळी खालून वेगळे सूर गातो, आणि दोन्ही मिळून एक गाणं होतं. आमच्यातले निम्मे लोक पहिले दोन दिवस एकमेकांकडं बघून हसत होते. दुसरा गट चुकतोय असंच आम्हाला वाटायचं. तिसऱ्या दिवशी मी खालच्या गटात होते. अचानक वरचा सूर येऊन माझ्या सुराला टेकला. मी रडले. पुण्याच्या एका बाईंनी मला पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं मला गावची आठवण आली.

एका जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लहानपणचं सांगितलं. त्यांच्या देशावर तेव्हा दुसऱ्यांचं राज्य होतं. मोठा गानमेळा भरायचा, पण आधी राज्यकर्त्यांच्या कौतुकाची गाणी म्हणायला लागायची. एका वर्षी सगळं संपल्यावर लोकांनी आपलं स्वतःचं गाणं सुरू केलं. वरून हुकूम आला, बँड वाजवा, आवाज बुडवा. बँड वाजला. लोक गात राहिले. त्या तेव्हा शाळेत होत्या, दुसऱ्या आवाजात. दुभाषी मुलीनं हे सगळं सांगितल्यावर मी म्हटलं, कौतुकाची गाणी आमच्याकडंही आधी म्हणतात. दुभाषी मुलीनं ते भाषांतर केलं नाही.

परत आले ती डोक्यात वारं भरूनच. मुलींचे दोन गट केले. खालच्या आवाजासाठी अकरा मुली निवडल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या ओठ हलवणाऱ्या. त्या जाड आवाजाच्या पोरीला मध्ये उभं केलं. तिला सांगितलं, तुझा आवाज या गाण्याची जमीन आहे, तू हललीस तर सगळ्या पडतील. ती म्हणाली, "बाई, मी? मला तर तुम्ही म्हणाल्ता..." आणि थांबली. तिला काय म्हणायचं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं. मी पुढचं शिकवायला घेतलं.

आईच्या जात्यावरच्या एका चालीवर मी साधं गाणं बांधलं होतं. पहिल्या आवाजाला आठवडा लागला. दुसऱ्या आवाजाला तीन महिने. मधल्या सुट्टीत शिकवायची, कारण तास गणितानं खाल्ला होता. शिक्षकांच्या खोलीत चर्चा सुरू झाली. एक म्हणाले, पुण्याला जाऊन बाईंचे कान बिघडले. हिंदीच्या बाई म्हणाल्या, अर्ध्या पोरींना गाणं पाठच नाही वाटतं. एक दिवस हेडसर स्वतः दारात येऊन उभे राहिले. पूर्ण गाणं ऐकलं, आणि चेहरा असा केला, जसं काही भाजीत मीठ दोनदा पडलंय.

"बाई, हे दोन गट दोन वेगळे गाणे म्हणून राहिलेत. आधी एक तर धड पाठ करून घ्या."

मी समजावून सांगितलं. गाढवापुढं वाचली गीता. ते म्हणाले, "तुमचं शास्त्र असंल. पण ऐकणाऱ्याला चुकलंय असंच वाटतंय न्हवं?"

मला स्वतःलाच शंका यायला लागली, म्हणून सुट्टीत नांदेडला पेटी दुरुस्त करायला गेले तेव्हा तिथल्या चाचांना विचारलं. तीन पिढ्या त्यांच्या घरात हेच काम. फोनवर रेकॉर्ड केलेलं गाणं त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. मग माझ्या पेटीचा पत्रा उचलून आतल्या पट्ट्या दाखवल्या. "बाईजी, ह्ये बघा. एक जाड, एक बारीक. दोन्ही संगं बोलतेत म्हणून तर पेटी भरून वाजती. एकच ठेवा, मग बघा कशी कुरकुरती. पोरींचं लई बरोबर चाललंय, कुणाचं ऐकू नगा." सबंध गावात आणि शिक्षण खात्यात जो कान नव्हता तो या एका माणसाला होता. त्याला कधी कुणी कार्यक्रमात पुढच्या सोफ्यावर बसवलं नाही.

मग संस्थेचा मोठा कार्यक्रम ठरला. नांदेडच्या सभागृहात, सगळ्या शाखांच्या शाळा, भोकरची, जळकोटची, आमची. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, ते आणि त्यांचे पाहुणे समोर बसणार. आमच्या शाळेला स्वागतगीत दिलं होतं. मी अडून बसले: स्वागतगीत म्हणते, पण त्यानंतर माझं एक गाणं. हेडसर कसेबसे तयार झाले. तालमीला आले आणि पुन्हा अडले. गाण्याला अडले नाहीत, मी उभी कुठं राहते त्याला अडले.

"तुम्ही पोरींकडं तोंड करून उभ्या राहणार? म्हंजी साहेबाकडं पाठ?"

"मग मुलींना माझे हात कसे दिसणार, सर?"

"पेटीवर बसा की. इतके वर्षं बसलात. साहेबाला पाठ दाखवून हातवारे करायचे, लोकं काय म्हणतील? बाईला कायतरी झालंय म्हणतील."

पंधरा दिवस या एका गोष्टीवर आमची जुंपली. गाण्यात काय आहे, शब्द काय, किती मुली, याबद्दल एक शब्द नाही. फक्त माझी पाठ. एका शिक्षकानं तोडगा काढला की मी साहेबांकडं तोंड करून उभं राहावं आणि मुलींनी माझ्या मागं. म्हणजे हात साहेबांना दाखवायचे. मी म्हटलं, मग साहेबांनाच दुसरा आवाज शिकवते. ते कुणालाच आवडलं नाही. शेवटी ठरलं: स्वागतगीताला पेटी आणि तोंड समोर, दुसऱ्या गाण्याला मी मुलींकडं वळणार, पण जरा तिरकी उभी राहणार, म्हणजे पूर्ण पाठ दिसणार नाही. मी जिंकले असं मला वाटलं. घरी जाऊन मी शिरा केला.

कार्यक्रमाच्या दिवशी साहेब अडीच तास उशिरा आले. मुली नवे कपडे घालून सकाळपासून उभ्या. पहिल्या रांगेत सोफे, सोफ्यांपुढं टेबलं, टेबलांवर काजू आणि पाण्याच्या बाटल्या. स्वागतगीत झालं, चार अक्षरी पाहुणा होता, बसला. मग मी पेटीचं झाकण लावलं, उठले आणि मुलींकडं वळले. तिरकी वगैरे काही नाही, सरळ पाठ केली. मागं कुजबुज झाली ती ऐकू आली. मी उजवा हात उचलला.

पहिला आवाज सुरू झाला. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीला मी डावा तळवा वर केला आणि त्या अकरा मुली आत आल्या. मधली पोरगी डोळे माझ्या हातावर ठेवून गात होती, एकदाही इकडंतिकडं बघितलं नाही. तिचा तो खाली बसलेला आवाज सगळ्या सभागृहाखालून गेला आणि वरचा आवाज त्याच्यावर उभा राहिला. दोन ओळी. एकोणतीस वर्षांतल्या माझ्या खऱ्या दोन ओळी त्याच.

मागून साहेबांचा आवाज आला. रागानं नाही, अगदी आपुलकीनं. "त्या मधल्या पोरी चुकून राहिल्यात वाटतं. बाईला सांगा की कुणीतरी." सोफ्यावर कुणीतरी हसलं. हेडसर वाकत वाकत मंचाच्या कडेशी आले आणि माझ्या पायाशी उभे राहून म्हणाले, "बाई, त्यांना गप करा. साहेब म्हणून राहिलेत."

माझ्यापुढं बंदूक नव्हती. परकं राज्य नव्हतं, बँडही नव्हता. घामानं शर्ट भिजलेला एक हेडमास्तर होता, ज्याला मी पंधरा दिवस पुरून उरले होते. नोकरी जाणार नव्हती, बदली होणार नव्हती. फार तर शिक्षकांच्या खोलीत चार दिवस टोमणे. गाणं तसंच चालू ठेवलं असतं तर दीड मिनिटात संपलं असतं.

मी डावी मूठ मिटली.

अकराच्या अकरा मुली त्या क्षणी गप्प झाल्या. एकीचाही सूर मागं रेंगाळला नाही. इतकं चांगलं शिकवलं होतं मी त्यांना. वरचा आवाज शेवटपर्यंत एकटा गात गेला आणि त्या अकराजणी तोंड मिटून माझ्या हाताकडं बघत राहिल्या, की बाई आता पुन्हा तळवा उचलतील. मी उचलला नाही. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, साहेबांनी मान डोलवली. हेडसर म्हणाले, "बघा, निस्तरलं की नाही?"

संध्याकाळी आम्ही बसनं परत निघालो. पुढं हेडसर आणि बाकीचे शिक्षक साहेबांच्या भाषणाचं कौतुक करत होते. त्यांच्याबद्दल आजवर मी पुष्कळ वाईट बोलले आहे आणि त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. पण त्या दिवशी मूठ त्यांची नव्हती.

ती पोरगी मागून उठून माझ्या सीटजवळ आली. वरचा दांडा धरून उभी राहिली. "बाई, आम्ही कुठं चुकलो?"

तिला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही चुकला नाहीत, मी घाबरले. बसमध्ये हेडसर ऐकत होते. शिक्षक ऐकत होते. मी म्हटलं, "थोडा सूर उतरला होता, बाळा. होतं असं."

तिनं दांड्यावरचा हात बदलला. मग म्हणाली, "हाव. मला वाटलंच व्हतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, माझ्यावर विश्वास होता.

ती मागं गेली. बाकीच्या दहाजणी एकमेकींवर चिडून बसल्या होत्या, कुणी चुकवलं म्हणून. मला तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. "भांडू नका गं. माझ्यामुळं झालं. तुमचं समद्यांचं बरोबर व्हतं."

लोहा गेलं. अहमदपूर यायला अजून तासभर होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.